झील अजून उठाक नाय

आमच्या घरात सकाळी साडेदहाला एक वाक्य ठरलेलं असायचं. आजी चुलीपुढून मान वळवून विचारायची, ‘झील अजून उठाक नाय?’ झील म्हणजे मुलगा, म्हणजे मी. आई उत्तर द्यायची नाही. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज तेवढा यायचा.

मी पडवीतल्या खाटेवर जागा असायचो, आठपासून. एका सरकलेल्या कौलातून उन्हाचा कवडसा भिंतीवर पडायचा. तो उतरत उतरत खुंटीवरच्या विळ्यापर्यंत आला की अकरा वाजले, हे मला घड्याळाशिवाय कळायचं. उठायला हवं, हेही कळायचं. कधी कधी तर लघवीला लागलेली असायची आणि तरी मी छताकडे बघत पडून असायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दोन वर्षांबद्दल सगळ्यात खरं सांगायचं तर तेच आहे.

बाकी काही घडलंच नाही. म्हणून तर लिहायला इतका वेळ लागला. वेड लागण्याच्या गोष्टी लोक मन लावून ऐकतात. रस्त्यावर कपडे फाडून धावलेला माणूस गावाच्या दोन पिढ्या लक्षात राहतो. मी कपडे फाडले नाहीत. मी फक्त ते बदलले नाहीत, आठ-आठ दिवस.

सुरुवात रत्नागिरीत झाली. कॉलेजचं दुसरं वर्ष, आम्ही तिघे एका खोलीत. २०२०च्या जानेवारीत मला एसटी स्टँडवर उभं असताना वाटू लागलं, की बाजूचे लोक हसतात ते माझ्यावरच. खात्री नव्हती. मन म्हणायचं, अरे, ते तुला ओळखतही नाहीत. आणि तेच मन पुढच्या क्षणाला म्हणायचं, मग तुझ्याकडे बघून का थांबले? रात्री पंख्याच्या घरघरीत कुणीतरी माझं नाव घ्यायचं. उठून पंखा बंद केला की नाव बंद. मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण मुलाने अशी गोष्ट सांगितली की गावात पुढचं वाक्य ठरलेलं: ‘ह्याका रत्नागिरीक धाडा.’ तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून सगळा कोकण हा विनोद करतो. मी तर आधीच रत्नागिरीत होतो.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी घरी आलो. मालवण तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं आमचं गाव. आंब्याची पन्नासेक कलमं, थोडी भातशेती, घराच्या मागे माडाची बाग. गावात आल्यावर ते हसणं कमी झालं, पंख्यातलं नावही हळूहळू गेलं. म्हणजे भीतीदायक जे होतं ते ओसरलं. आणि ओहोटीला जसे खडक उघडे पडतात तसं खालचं दिसायला लागलं. अर्थात, दिसायला कुणी बघत असावं लागतं. त्या वर्षी कोण बघणार होतं? मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेच्या वर्गांत चौदा दिवस कोंडलेले. मग जून लागला, मासेमारी बंदीचे दिवस, होड्या किनाऱ्यावर झापांनी शाकारून ठेवलेल्या, मासेमार जाळी विणत बसलेले. कोकणात पावसाळ्यात सगळेच पडवीत असतात, आणि त्या वर्षी तर अख्खा देश पडवीत होता. एका मुलाचं पडून राहणं त्यात उठून दिसण्याचं कारणच नव्हतं.

कॉलेज ऑनलाइन होतं. मी मोबाइलवर लेक्चर लावायचो, कॅमेरा बंद, आवाज बंद, आणि मोबाइल उशीखाली. हजेरी लागत होती. मी नव्हतो याची नोंद कुठेच झाली नाही.

नारळी पौर्णिमा झाली, नारळ पाण्यात पडला, होड्या उतरल्या. दसऱ्याला भात कापायला आलं. गाव हलायला लागलं आणि मग मात्र पडवीतला माणूस दिसू लागला. शेजारची काकू गडग्यावरून आईला विचारायची, ‘काय करता तुमचो झील?’ आणि आई सांगायची, ‘काय नाय, घराकच आसा.’ या ‘घराकच आसा’वर गावात पुढे कुणी विचारत नाही. कोकणातल्या गावाची ही मोठी सोय आहे. माझ्या वयाचे बहुतेक मुलगे मुंबईला, गोव्याला कामाला जातात. मित्र नाहीत म्हणजे मित्र गेले, असा सरळ हिशेब. मित्रांचे फोन मी उचलत नव्हतो ही वेगळी गोष्ट. दोन वेळचं ताट पुढे येत होतं. माझ्यासारखा मुलगा मुंबईत एकट्याच्या खोलीत असता तर भाडं थकलं, खानावळ थकली आणि आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी दार वाजवलं असतं. घराने मला सांभाळलं आणि घरानेच मला लपवलं. दोन्ही एकाच पेजेच्या वाडग्यातून.

त्यात घरातल्या-शेजारातल्या प्रत्येकाचं निदान वेगळं. बाबांचं सरळ होतं: ‘आळशी झालो मेलो.’ काकूचं: ‘त्याका कायतरी बाहेरचा लागला.’ आजीने देवळात कौल लावला, उजवा मिळाला, गुरवाने अंगारा दिला. मी आजीबरोबर देवळापर्यंत चालत गेलो होतो. त्या महिन्यात घराबाहेर पडलेलं ते एकच चालणं, त्यामुळे मी कौलाला नावं ठेवणार नाही. शिवाय आजीने येताना वाटेत जे म्हटलं ते नंतर ऐकलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मला जवळचं वाटलं. म्हणाली, ‘तुझो जीव खंयतरी मागे रवलो, बाबा.’

आळसाबद्दल मात्र मला थोडं बोलायचंय, कारण हा शब्द मी स्वतःलाही दोन वर्षं लावला. आळशी माणसाला लोळण्यात सुख असतं. आमच्या वाडीत एक नामांकित आळशी आहेत. दुपारी खळ्यात खुर्ची टाकून बसलेले असतात तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान असतं ते सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानाच्याही नसतं. आणि जत्रेला दशावतार असला की ते सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची जागा धरतात. मला लोळण्यातही काही मिळत नव्हतं, आणि दशावताराचे मृदंग-झांज पडवीत ऐकू येत असूनही मी उठलो नाही. लहानपणी मी तो बघायला पहाटेपर्यंत जागणारा मुलगा होतो.

विचित्र भाग पुढे आहे. बांगड्याचं तिखलं ताटात आलं की मला आवडायचं. खरोखर आवडायचं, तिरफळाचा वास नाकात गेला की आणखी भात मागायचो. पण सकाळी आई म्हणाली, ‘आज बांगडे गावले,’ तर आत काहीही हलायचं नाही. दुपारी चव येणार आहे हे ज्ञान होतं, त्याची ओढ नव्हती. नंतर वाचलं की स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा मनोविकार, असलेल्या लोकांवर २००७ साली एक अभ्यास झाला होता, त्यात नेमकी ही फोड केलेली आहे: सुख समोर असताना ते घेण्याची शक्ती बरीचशी शाबूत, पण पुढे येणाऱ्या सुखाची चाहूल घेण्याची शक्ती उणी. माणूस उठतो तो चाहुलीवर. मोहोर दिसला म्हणून माणूस फवारणीला उठतो. आंबा तर चार महिने पुढे असतो.

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ आलं. रविवार होता. रात्रीपासून माड जमिनीला टेकतील असे वाकत होते. उजाडल्यावर बघितलं तर सात कलमं मुळासकट आडवी, आणि तयार आंब्यांचा खच. हंगामाचा शेवटचा तोडा, त्यावर घराचं पावसाळ्याचं बजेट. वीज नाही, मोबाइल नाही. आई, बाबा, आजी, गड्याची बायको, शेजारची पोरं, सगळे पावसात टोपल्या घेऊन आंबे गोळा करत होते. मी पडवीतून बघत होतो. मला वाईट वाटत होतं, हे आज कुणाला पटणार नाही. एक आंबा उचलायचा, टोपलीत टाकायचा, दुसरा उचलायचा. डोक्यात मी ते वीसेक वेळा केलं. शरीर खाटेवर.

बाबा ओलेचिंब आत आले. पायाला चिखल, हातात फुटलेला आंबा. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘घर कोसळला तरी तुका काय फरक पडाचो नाय!’ आणि तो आंबा भिंतीवर मारला. भिंतीवरचा तो पिवळा डाग पुढे काळा झाला. दोन वर्षांनी रंग काढला तेव्हा गेला.

त्याच पावसाळ्यात मला डॉक्टरांकडे नेलं. एका मोठ्या गावातल्या पहिल्या डॉक्टरांनी सात मिनिटांत स्टँड आणि पंख्याची हकिगत ऐकली आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मी आणखीनच ओंडका झालो, तोंडातून लाळ गळायची. घरच्यांना वाटलं आजार वाढला. दीड महिन्यानंतर मावशीने आम्हाला कोल्हापूरच्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. फोंडा घाट चढताना मला दोनदा ओकारी झाली. बाईंनी मात्र पाऊण तास घेतला. पंख्यावर त्यांनी पाच मिनिटं खर्च केली. बाकीचा वेळ त्या असं काहीतरी विचारत होत्या, जे मला कुणीच विचारलं नव्हतं. आंघोळ कुणी सांगितल्यावर करतोस की आपणहून? शेवटचा फोन तू कुणाला लावलास? लावलास, उचललास नव्हे. घरात तुझं म्हणून ठरलेलं एखादं काम आहे का? आई रागावली तर तुझ्या चेहऱ्यावरून तिला कळतं का?

मग त्या बाबांना म्हणाल्या, ‘याला मनोविकाराचा झटका आलेला नाही. येईलच असंही नाही. धोका आहे. आणि आत्ता जे दिसतंय त्याला निगेटिव्ह सिम्प्टम्स म्हणतात.’

बाबांचा चेहरा खुलला. २०२१ सालची गोष्ट. त्या वर्षी नाकात काडी घालून निगेटिव्ह यावं म्हणून माणसं नवस बोलत होती. ‘निगेटिव्ह? मगे बराच झाला मरे!’ बाई हसल्या. मीही हसलो असेन, निदान आतून. चेहऱ्यावर आलं नाही, आणि तेही त्यांनी टिपलं.

निगेटिव्ह म्हणजे वाईट किंवा नकारात्मक विचार नव्हेत, त्यांनी समजावलं. उणे झालेलं. भास, संशय हे माणसात नव्याने भर पडलेलं असतं म्हणून ते पॉझिटिव्ह. जे असायला हवं ते कमी होतं ते निगेटिव्ह. २००५ साली अमेरिकेत तज्ज्ञांची एक बैठक झाली, तिने या उण्यांची पाच नावं धरली: इच्छाशक्ती, सुख, माणसांची ओढ, बोलणं आणि चेहऱ्यावरचा भाव. मी मनातल्या मनात पाचही बोटं मिटली. भास, संशय आणि ही उणी ज्यात येतात त्या आजाराला स्विस डॉक्टर ब्लॉयलरने १९०८मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं, आणि त्याच्याही आधी जर्मन डॉक्टर क्रेपेलिनने या मंदावलेल्या इच्छेवर पानंच्या पानं लिहिली होती. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. तरीही वर्तमानपत्रात, सिनेमात येतात ते भास.

‘धोका’ हा शब्द मात्र नवा आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगॉरी, अ‍ॅलिसन युंग वगैरे मंडळींनी १९९४ साली खास अशा पोरांसाठी दवाखाना काढला, ज्यांना आजार अजून झालेला नाही पण काहीतरी बिघडत चाललंय. आत यायची तीन दारं ठरवली. सौम्य, अर्धवट लक्षणं. नाहीतर पुरती लक्षणं, पण आठवड्याच्या आत आपोआप गेलेली. नाहीतर घराण्यात आजार आणि सोबत स्वतःच्या रोजच्या वागण्या-करण्यात घसरण. मी पहिल्या दाराचा. अशा दवाखान्यांत आलेल्यांचं पुढे काय होतं याचे आकडे २०१२मध्ये एकत्र केले गेले: एका वर्षात शंभरातल्या २२ जणांना पुरता आजार झाला, तीन वर्षांत ३६ जणांना. नंतरच्या मोठ्या आढाव्यात तीन वर्षांचा आकडा २५च्या आसपास आला. लक्षात घ्या, हे मदत मागायला आलेल्यांचे आकडे आहेत. गावातल्या प्रत्येक गप्प मुलाला लावायचे नाहीत.

मी हे आकडे खूपदा वाचले. आधी अर्थातच २५मध्ये आपण येतो का या भीतीने. मग कधीतरी लक्ष उरलेल्या पंचाहत्तरांकडे गेलं. ती पोरं काय करतात? तर त्यांतली बरीचशी मागेच पडलेली असतात, कुणी शिक्षण सोडून, कुणी नोकरी सोडून, कुणी मित्र तोडून घरात. आजार झाला नाही म्हणून सगळे हुश्श करतात आणि आयुष्य मात्र पडवीतच राहतं. मी त्यांच्यातला. ‘टळलं’ असं आई गणपतीपुढे म्हणाली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि एसटीचं तिकीट काढताना कंडक्टरला गावाचं नाव सांगायला मला दोन वेळा प्रयत्न करावा लागत होता.

म्हणून बाईंचे ते प्रश्न मला अजून आठवतात. अशा तरुणांचं रोजचं चालणं-बोलणं मोजायला १ ते १० गुणांच्या दोन पट्ट्या वापरतात. एक माणसांशी असलेल्या नात्यांची, दुसरी शिक्षण, नोकरी, घरकाम या वाट्याला आलेल्या कामाची. दोन वेगळ्या केल्या हे शहाणपणाचं आहे, कारण एक वर आणि दुसरी खाली असू शकते. इथे मला आमच्या वाडीतली एक मुलगी आठवते. तिचं नाव-गाव काही सांगणार नाही. सकाळी उठते, सडा घालते, भांडी, धुणं, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा. बोलत नाही. मैत्रीण नाही. हसताना मी तिला पाच वर्षांत बघितलेलं नाही. सगळे म्हणतात, गुणाची पोर. कामाच्या पट्टीवर तिला आठ मिळतील. दुसऱ्या पट्टीवर काय मिळेल ते विचारायची कुणाला गरजच पडलेली नाही. मुलगा पडून राहिला तर निदान भिंतीवर आंबा तरी फुटतो.

भिंतीवरचा तो आंबा बाईंना बाबांनीच सांगितला, मान खाली घालून. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मुलाला भास होत असते तर तुम्ही त्याला आजारी समजून जवळ घेतलं असतं. तो नुसता पडून राहतो म्हणून राग येतो, सगळ्याच घरांत येतो. घरातली टोचून बोलणी आणि आजार उलटणं यांचं नातं इंग्लंडमध्ये पूर्वीच दाखवलं गेलं होतं. पुढे १९८७मध्ये चंदीगडच्या कुटुंबांवरचा अभ्यास छापून आला, तर तिथल्या घरांत, त्यातही खेड्यांत, अशी बोलणी लंडनपेक्षा बरीच कमी निघाली. हे मी बाबांना एकदा कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, ‘चंदीगडाक आंबे नाय पिकत.’

औषधं बाईंनी हळूहळू उतरवली. इतक्या आधीच्या पायरीवर त्या गोळ्या पहिला उपाय नसतात, बोलून करायचे उपचार आणि घरच्यांना बरोबर घेणं हे आधी. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतही तसंच आहे. माझी निम्मी सुस्ती त्या गोळ्यांची होती आणि काही भाग सरळ उदासपणाचा, त्यावर वेगळं काम झालं. उरलेलं जे होतं त्याच्यावर गोळी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. दर पंधरा दिवसांनी फोनवर बोलायचो. त्या एकच प्रश्न परत परत विचारायच्या: उठायच्या आधी मनात काय वाक्य येतं? मला सापडायला तीन महिने लागले. वाक्य होतं, ‘नीट व्हायचं नाही, तर कशाला.’ आंबे गोळा करायला गेलो असतो तर टोपली पडली असती, बाबा काही बोलले असते. कंडक्टरला गाव सांगायला गेलो तर अडखळणार. म्हणून अगोदरच नको. यावरही लोकांनी संशोधन केलंय हे कळल्यावर थोडा हिरमोड झाला. मला वाटलं होतं निदान हे तरी माझं स्वतःचं आहे.

मग काम कोणतं द्यायचं? असं, की ज्यात चुकायला जागा नाही आणि बोलायला लागत नाही. ते बाईंना सुचलं नाही, मलाही नाही. आजीला सुचलं. म्हणाली, रापणीर जा.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकत जातात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर. माणसं दोन्हीकडे रांगा लावून दोर ओढतात, तासन्‌तास. दोर धरायला येणाऱ्याला कुणी विचारत नाही तू कोण, शिकतोस काय, लग्न कधी. जागा दिसली की धरायचा. सगळे एकाच तालात मागे पाय टाकत असतात, त्यात तुमचा जोर कमी पडला तर कळतही नाही. शेवटी हात लावलेल्याला मूठभर मासळी मिळते. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं दोर धरला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यानंतर कधी गेलो, कधी नाही. एका संध्याकाळी माझ्या पुढच्या माणसाने मागे न बघता विडी मागे केली आणि मी ‘नको’ म्हणालो. घरी येऊन वहीत लिहिलं: आज एक शब्द. बाईंना वही दाखवायची असायची.

याला बरं होणं म्हणतात की नाही ते मला ठाऊक नाही. पदवी पूर्ण केली, दोन वर्षं उशिरा. आता आंब्याच्या हंगामात गिऱ्हाइकांचे फोन मी घेतो, पेट्या मी भरतो. फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो, तीन रिंग जाऊ देतो. जून ते सप्टेंबर मला अजूनही जड जातात. बाबा आता सकाळी ‘ऊठ’ म्हणत नाहीत. पायात चपला सरकवत खाटेजवळ थांबतात आणि विचारतात, ‘येतंस?’ नाही म्हटलं तर निघून जातात. हे त्यांना कुणी शिकवलं मला माहीत नाही. मी तरी नाही.

२०२२च्या ऑक्टोबरपासून सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्या वेळेला नव्हती. अर्थात ज्याला गावाचं नाव सांगायला जमत नाही तो फोन कसा लावणार, म्हणून तो घरच्यांनी लावायचा.

गेल्या महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास मी पेट्या घेऊन पाणंदीतून येत होतो. वरच्या घरात कुणीतरी विचारलं, बहुतेक सासूने, आणि त्या घरच्या मावशीने आतून उत्तर दिलं, ‘तो अजून उठाक नाय.’ त्यांचा मुलगा बारावीनंतर घरीच आहे. मी गडग्याशी थांबलो. पेट्या खाली ठेवल्या.

‘मावशे, सांजेक मी रापणीर जातंय. तेका इचार, येता काय.’

‘तो खंयचो येता!’

‘इचार तरी.’

संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, मावशी नुसती हसली. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरचा ट्रक लवकर आला आणि मी विचारायला विसरलो. आज आठवण म्हणून हातावर पेनाने लिहून ठेवलंय.